पिल्लाच्या घरी पोक्त कुत्रा आणताना

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न किती चिघळला आहे, हे नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. २० ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नावर एक आदेश दिला. मोकाट कुत्र्यांना सार्वजनिक ठिकाणी खाऊ घालू नका. ज्यांना त्यांचा कळवळा आहे त्यांनी कुत्रे रीतसर दत्तक घ्यावेत, महापालिकेकडे नोंदवावेत, घरी न्यावेत किंवा निवारागृहात ठेवावेत, असा त्याचा आशय होता. महिन्याभरात, १६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्यातील दत्तकाच्या आग्रहाला स्थगिती दिली. पुढे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेच वेगळ्या शब्दांत दत्तकाची वाट खुली केली. इच्छुकांनी महापालिकेकडे अर्ज करून कुत्रा न्यावा, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणचे कुत्रे हलवावेत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत, असाही आदेश झाला.

या सगळ्यामुळे ‘दत्तक’ हा शब्द आता गल्लीगल्लीत पोहोचला आहे. कॉलेजच्या आवारात वर्षानुवर्षे वाढलेला कुत्रा आता कुठे जाणार, या काळजीने कुणीतरी त्याला घरी नेते. न्यायालयाने जबाबदारी कुणाची ते सांगितले. फाटक लावून घेतल्यावर आत काय करायचे, हे सांगणे न्यायालयाचे काम नाही. ते घरच्यांनाच ठरवावे लागते. आणि ठरवण्यात गडबड झाली की ती जखम होऊन सरकारी रुग्णालयाच्या कुत्रा चावल्याच्या रांगेत उभी राहते. म्हणून एका डॉक्टरने या विषयावर लिहायचे.

यातली सर्वांत नाजूक स्थिती म्हणजे घरात आधीच एक लहान पिल्लू असणे. तशी ती दुर्मीळ नाही. ज्यांना कुत्र्यांची ओढ असते त्यांच्याच घरी मुलांच्या हट्टाने पिल्लू आलेले असते, आणि गल्लीतल्या पाच-सात वर्षांच्या कुत्र्याची दयाही त्यांनाच येते. ‘पिल्लाला सोबत होईल’ असे म्हणत एका संध्याकाळी मोठा कुत्रा आत घेतला जातो, दोघांना अंगणात समोरासमोर सोडले जाते आणि सगळे कौतुकाने बघत उभे राहतात. माझे म्हणणे एवढेच आहे की पोक्त कुत्रा जरूर आणा, पण ही घाई करू नका. आधी लस, मग अंतर, मग ओळख हा क्रम पाळला तर पिल्लू, मोठा कुत्रा आणि माणसे असे तिघेही सुरक्षित राहू शकतात.

म्हाताऱ्या कुत्र्याला काय शिकवणार?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो आणि मग कुत्र्यांबद्दलही ती खरी मानून बसतो. मोठा झालेला कुत्रा नव्या घरात रुळत नाही, हा समज त्यातलाच. प्रत्यक्षात मोठ्या कुत्र्याचा एक फायदा आहे. त्याचा स्वभाव समोर दिसतो. पिल्लू पुढे कसे निघेल हा अंदाज असतो. सहा वर्षांचा कुत्रा लहान मुलांना, सायकलींना, इतर कुत्र्यांना कसा वागवतो, हे त्याला रोज पोळी घालणाऱ्या मावशींना विचारले तरी कळते. त्याने आधी कुणाला चावा घेतला आहे का, हा प्रश्न मात्र आडपडदा न ठेवता विचारावा. उत्तर ‘हो’ असेल, तर लहान मुले आणि पिल्लू असलेले घर त्याच्यासाठी योग्य नाही. तिथे ‘नाही’ म्हणणे यात निर्दयपणा नाही.

दुसरीकडे पिल्लाचे वय समजून घ्यायला हवे. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. १९६५ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेते, आणि या काळात आलेले अनुभव त्याच्यावर खोल ठसा उमटवतात, हा त्या कामातला आजही मानला जाणारा निष्कर्ष. याच वयात शांत, समजूतदार मोठा कुत्रा भेटला तर पिल्लू पुष्कळ शिकते. दात किती जोरात लावायचे, कुणी ‘पुरे’ म्हटले की थांबायचे कसे, हे माणसापेक्षा कुत्राच चांगले शिकवतो. पण याच वयात मोठ्या कुत्र्याने पिल्लाला एकदा जोरात दाबून धरले, तर ते पिल्लू पुढे आयुष्यभर इतर कुत्र्यांना घाबरून भुंकणारे, चावणारे होऊ शकते. म्हणजे ही भेट पिल्लाला घडवूही शकते आणि बिघडवूही शकते.

आधी कागद, मग लळा

नव्या कुत्र्याला घरात घेण्याआधी पशुवैद्यकाकडे न्यावे. नागपूरकरांसाठी ही सोय लांब नाही. सेमिनरी हिल्सला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ज्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे त्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. तपासणीत चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली, रेबीजची लस. कुत्र्याच्या कानाच्या टोकाला काप असेल तर त्याचे निर्बीजीकरण झाले आहे असे समजतात, आणि त्या वेळी बहुधा रेबीजची लसही दिलेली असते. पण ती कधी दिली, हे कान सांगत नाही. तारखेचा कागद नसेल तर लस झालेली नाही असेच धरावे आणि ती द्यावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दहा दिवस कुत्रा ठीक राहिला म्हणजे त्याला रेबीज नाही’ असे लोक म्हणतात. दहा दिवसांच्या नियमाचा अर्थ तेवढा मोठा नाही. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधी उतरतो. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, इतकेच म्हणता येते. दुसऱ्या पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला मागच्या महिन्यात चावले असेल, तर आजार त्याच्या शरीरात काही आठवडे, काही महिने दबा धरून असू शकतो. रस्त्यावरून आणलेला कुत्रा आज निरोगी दिसला आणि आजच त्याला लस टोचली, तरी पहिले काही महिने सावध राहावे लागते ते यासाठी.

तीन महिन्यांच्या आतील पिल्लाची अडचण उलटी असते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. तोवर ते पूर्ण उघडे असते. ‘पिल्लूच तर आहे, त्याचे दात ते किती’ असे म्हणून त्याचे ओरखडे सोडून देऊ नयेत. २०२५ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातील बुलंदशहरचा एक तरुण कबड्डीपटू रेबीजने दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. नालीतून पिल्लू वाचवताना ते त्याला चावले होते आणि त्याने ते किरकोळ समजून लस घेतली नव्हती. पिल्लाचे दात लहान असले तरी विषाणू तोच असतो.

दुसरी गोष्ट पार्वो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन ते दोन-तीन दिवसांत जाऊ शकते. विषाणू फार चिवट आहे. माती, फरशी, बूट, पंजे यांवर तो महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाईलवर भरवसा ठेवू नये. पातळ केलेले ब्लीच त्याला मारते. मोठा कुत्रा स्वतः आजारी न दिसता तो घरात आणू शकतो. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडायला हवा. दोन डोसांवर ‘झाले’ म्हणणाऱ्यांची पिल्ले यातच सापडतात. पिल्लाच्या लसी अर्ध्यावर असतील तर मोठ्या कुत्र्याला घरात घेणे महिनाभर पुढे ढकलावे. तोवर त्याला तुमच्या फाटकाबाहेर जेवण आणि लस मिळत असेल, तर त्याचे काही बिघडत नाही.

तिसरी, गोचिडी आणि त्वचा. गोचिडींतून पसरणारा ताप रस्त्यावरच्या कुत्र्यांत आढळतो. वरून कुत्रा फक्त सुस्त वाटतो, पण रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या असतात. रक्ततपासणी करून घ्यावी. कुत्र्याची खरूज माणसाच्या अंगावर फार दिवस तग धरत नाही, पण तेवढ्या दिवसांत घरातल्या सगळ्यांना खाज सुटते. पोटावर, हातांवर बारीक पुरळ घेऊन आख्खे कुटुंब त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात येते, तेव्हा ‘घरी नवीन कुत्रा आला का?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

चौथी, जंत. ही बाब पिल्लाकडून अधिक येते, कारण आईच्या पोटात असतानाच पिल्लाला गोल जंतांची लागण होऊ शकते. त्या जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यातही जातात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेत शिरून नागमोडी, खाजऱ्या रेषा उठवतात. उपाय साधा आहे. दोन्ही जनावरांना वेळापत्रकाप्रमाणे जंताचे औषध, अंगणातली विष्ठा रोजच्या रोज उचलणे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे.

पावसाळ्यात यात लेप्टोस्पायरोसिसची भर पडते. कुत्र्याच्या आणि उंदराच्या लघवीतून हा जंतू पाण्यात येतो. अंगणात साचलेल्या पाण्यात अनवाणी न जाणे आणि कुत्र्यांच्या लसीत त्याचा समावेश करणे, एवढे आपल्या हातात आहे.

ओळख घराबाहेर, लांबून

आता प्रत्यक्ष भेट. हा भाग पशुवैद्यक आणि कुत्र्यांच्या वर्तनाचे जाणकार अधिक नेमके सांगतील. मी त्यांच्याकडून जे शिकलो आणि चावलेल्या माणसांकडून जे ऐकले, त्याचा मेळ घालून सांगतो.

पहिले पंधरा दिवस दोघांनी एकमेकांना भिडायची गरजच नाही. मोठ्या कुत्र्याला वेगळी खोली, मागचा ओटा किंवा जाळीने वेगळी केलेली जागा द्यावी. साखळीने फाटकाला बांधून ठेवू नये. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून तो आधी चावायचे ठरवतो. या काळात पिल्लाच्या अंगाखालचे फडके मोठ्याकडे आणि मोठ्याचे पिल्लाकडे ठेवावे. कुत्रा आधी नाकाने ओळखतो. वास रोजचा झाला की प्रत्यक्ष भेटीतली धार बोथट होते.

पहिली भेट घरात नको आणि पिल्लाच्या जेवणाच्या जागी तर नकोच. लसी पूर्ण झालेल्या असताना, दोघांनाही अनोळखी असलेल्या मोकळ्या जागी, सकाळच्या शांत वेळी दोघा माणसांनी दोघांना पट्ट्यावर घेऊन एकाच दिशेने, दहा-पंधरा पावलांचे अंतर ठेवून चालावे. समोरासमोर आणायचे नाही. नजरेला नजर भिडवून सरळ अंगावर जाणे ही कुत्र्यांच्या भाषेत आगळीक आहे. कडेकडेने चालत अंतर हळूहळू कमी करावे. पट्टा सैल असावा. ताणलेला पट्टा माणसाची भीती थेट कुत्र्याच्या मानेपर्यंत पोचवतो. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरे.

मोठा कुत्रा मान वळवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, तेव्हा तो ‘मला थोडी जागा हवी’ असे सांगत असतो. अंग ताठ होऊन तो जागच्या जागी थिजला, डोळ्यांचे पांढरे दिसू लागले, तर भेट तिथेच थांबवावी. पिल्लू अंगावर उड्या मारत राहिले आणि मोठा गुरगुरला, तर मोठ्याला दटावू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती दिल्याबद्दल मार बसला, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. ‘न भुंकता, न गुरगुरता एकदम चावला हो’ ही तक्रार बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येते. आधी कितीदा गुरगुरला होता आणि तेव्हा घरच्यांनी काय केले, हे विचारले की बहुतेक वेळा कोडे सुटते. भुंकणारा कुत्रा चावत नाही या म्हणीवरही विसंबू नका. भुंकणारा चावतो आणि न भुंकणाराही चावतो.

घरात आल्यावर भांडण बहुधा वस्तूंवरून होते. जेवणाची भांडी वेगळी, जागा वेगळ्या, मध्ये बंद दार. रविवारच्या सावजी रश्श्यातली हाडे अंगणात टाकायची सवय असेल तर ती सोडावी. शिजलेली हाडे कुत्र्याच्या घशाला आणि आतड्याला घातक असतातच, शिवाय दोन कुत्र्यांमध्ये एक हाड म्हणजे हमखास मारामारी. नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक भांडणाचे ठिकाण तयार होते. ते म्हणजे कूलरसमोरची फरशी. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना ती थंड जागा दोघांनाही हवी असते आणि उन्हाने दोघांचाही संयम कमी झालेला असतो. दोन थंड जागा करा. दुसरीकडे पंखा आणि ओले पोते चालेल. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत दोघांना एका खोलीत कोंडू नका. घाबरलेला मोठा कुत्रा जवळ असलेल्या पिल्लावर भीती काढू शकतो.

मोठ्याला पिल्लाची चढाई चालणार नाही अशी एक जागा कायमची द्यावी. उंच दिवाण, पलंगाखालचा कोपरा, काहीही. वयस्क कुत्रा दिवसातला मोठा वेळ झोपतो. त्याचे सांधे दुखत असतील, दात किडले असतील, ऐकू कमी येत असेल, तर झोपेत अंगावर पडलेले पिल्लू त्याला हल्ल्यासारखे वाटते. म्हणून अचानक चिडचिडा झालेला वयस्क कुत्रा आधी दुखण्यासाठी तपासावा. माणसातही आपण तेच करतो. घरातले आजोबा एकाएकी खेकसू लागले तर आपण स्वभाव बदलला म्हणत नाही, कुठे दुखते ते विचारतो.

किती दिवस लागतात? कुत्र्यांना निवारा देणारे कार्यकर्ते एक ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवस भेदरलेले, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपले वाटायला. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. पहिल्या आठवड्यात शांत बसलेला कुत्रा ‘किती गुणी आहे’ असे वाटतो. तो गुणी असेलही, पण बहुधा घाबरलेला असतो. चौथ्या आठवड्यात तो पहिल्यांदा गुरगुरला म्हणून त्याला घालवून देऊ नये आणि पहिल्या आठवड्यात गप्प आहे म्हणून पिल्लासह एकटा सोडू नये. घरी कुणी नसताना दोघांच्या मध्ये दार बंद असणे, हा नियम पहिले तीन महिने तरी मोडू नये.

मध्ये हात घालू नका

दोन कुत्रे भांडतात तेव्हा रुग्णालयात येतो तो माणूस. तो बहुधा पिल्लाला वाचवायला मध्ये हात घातलेला असतो, आणि चावणारा कधी त्याचाच लाडका असतो. भांडणाऱ्या कुत्र्याला त्या क्षणी कुणाचा हात हे कळत नाही. बादलीभर पाणी ओता, स्टीलचे ताट जमिनीवर आपटा, मध्ये पाट किंवा खुर्ची सरकवा, अंगावर सतरंजी टाका. हात आणि चेहरा लांब ठेवा. मुलांना तर त्या अंगणात जाऊच देऊ नका. अगदी लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या जबड्याच्याच उंचीवर असतो, आणि चेहऱ्यावरच्या, मानेवरच्या चाव्यातून विषाणूला मेंदूपर्यंतचे अंतर कमी असते. घरात रांगते बाळ असेल, तर बाळ चालू-बोलू लागेपर्यंत अनोळखी मोठा कुत्रा आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चावा बसलाच, तर हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटांनाच पंधरा झाली असे वाटते. मग त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ दोन दशकांपूर्वीच संपला. आता दंडात चार किंवा पाच वेळा लस मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. जखम खोल असेल, रक्त आले असेल किंवा लाळ उघड्या जखमेवर वा डोळ्यात-तोंडात गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी प्रतिद्रव्यही भरावे लागते. अनेक जण हेच टाळतात, कारण ते दुखते. घरचा कुत्रा आहे, लस दिलेली आहे, म्हणून उपचार पुढे ढकलू नका. उपचार सुरू करा आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. तो धडधाकट राहिला तर पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की आजही आमच्या हातात जवळपास काहीच नसते.

रस्त्यावरचा मोठा कुत्रा घरी आणायचा पक्का निश्चय असेल, तर घरातल्यांनी चावा बसण्याआधीच लस घेऊन ठेवावी. तिचे तीन डोस असतात. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. नंतर कधी चावा बसला तर फक्त दोन डोस पुरतात आणि प्रतिद्रव्याची गरज पडत नाही. मात्र त्या वेळीही रुग्णालयात यावेच लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी देशभर केलेल्या पाहणीनुसार आपल्याकडे वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात. त्यातले तीन चतुर्थांश चावे कुत्र्याचे. रेबीजने होणारे मृत्यू वर्षाला सुमारे ५,७०० असल्याचा त्यांचा अंदाज आहे. पूर्वी हा आकडा अठरा-वीस हजार मानला जाई. म्हणजे लस वेळेवर मिळते तिथे मृत्यू टळतात. उरलेल्या मृत्यूंमागे ‘किरकोळ आहे, बघू’ हे शब्द किती वेळा असतील, याचा विचार प्रत्येकाने करावा.

महापालिकेने काय करावे?

दत्तक घेणाऱ्याने सगळे करावे आणि यंत्रणेने फक्त अर्ज घ्यावा, असे चालणार नाही. माझ्या मते तीन गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत.

एक, निर्बीजीकरण, रेबीजची लस आणि जंताचे औषध यांच्या तारखा लिहिलेला कागद हातात दिल्याशिवाय एकही मोठा कुत्रा कुटुंबाच्या ताब्यात देऊ नये. अर्जावर घरात पिल्लू आहे का, लहान मूल आहे का, हे विचारावे आणि त्यानुसार कुत्रा सुचवावा. जो कुत्रा हाताला लागेल तो देणे म्हणजे दत्तक नव्हे.

दोन, पहिल्या तीन महिन्यांत एक-दोन वेळा जाणकाराने घरी जाऊन पाहावे. पशुवैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना यासाठी तयार करता येईल. त्यांना वर्तनाचा अभ्यास मिळेल, कुटुंबाला आधार मिळेल.

तीन, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कुत्रा परत करण्याची सन्मानाची वाट ठेवावी. सगळी नाती जुळत नाहीत. पिल्लू सतत घाबरलेले आहे, मोठा सतत गुरगुरतो आहे, तीन महिन्यांनंतरही घरात शांतता नाही, असे घडू शकते. तेव्हा कुटुंबाला दंडाची आणि बोलण्याची भीती वाटली, तर ते रात्री गाडीत घालून कुत्र्याला रिंगरोडच्या पलीकडे सोडून येते. तिथे तो अनोळखी टोळीत भेदरलेला, भुकेला आणि माणसांवरचा विश्वास उडालेला असतो. असा कुत्रा सगळ्यांसाठी जास्त धोकादायक. न्यायालयाला कुत्रा पुन्हा रस्त्यावर नको असेल, तर त्याला परत घेणारे दार महापालिकेने उघडे ठेवले पाहिजे.

आपल्याकडे कुत्र्याला पोळी घालण्याची रीत जुनी आहे. दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मुलांना आजही सांगितली जाते. दया आपल्याकडे कमी नाही. पोळी घालायला दोन मिनिटे लागतात. घर द्यायला निदान तीन महिने लागतात. तेवढा वेळ, एक वेगळी खोली आणि लसीच्या तारखांचा कागद तयार असेल, तर मोठा कुत्रा आणा. नसेल, तर सध्या त्याला गल्लीतच राहू द्या, त्याची लस चुकू देऊ नका, आणि पिल्लू पाच महिन्यांचे झाले की पुन्हा विचार करा.